हमी त्यांना दिलीत, तशीच आम्हालाही लेखी द्या

प्रति,
ऑलिंपिक, विश्वचषक आणि तत्सम मोठ्या क्रीडास्पर्धांचं यजमानपद मागणारी सरकारं व त्यांच्या आयोजन समित्या

विषय : स्पर्धेचा लाभ रहिवाशांना मिळावा यासाठी लेखी आणि बंधनकारक हमी मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

यजमानपदाच्या अर्जासोबत तुम्ही आंतरराष्ट्रीय महासंघाकडे हमीपत्रांचा गठ्ठा पाठवता. सुरक्षा तुमच्याकडे, व्हिसाची सोय तुमच्याकडे, करसवलती तुमच्याकडून, प्रायोजकांच्या बोधचिन्हांची राखणही तुमच्याकडेच. ऑलिंपिकमध्ये तूट आली तर ती भरून काढायची जबाबदारीसुद्धा यजमानांच्याच माथी. यातल्या प्रत्येक कागदावर सही असते, शिक्का असतो. ज्यांच्या करातून हे सगळं उभं राहणार त्या रहिवाशांना मात्र एक गुळगुळीत छापलेली पुस्तिका मिळते. तिच्यात रोजगार, पर्यटन, हिरवाई, तरुणांना प्रेरणा असं सगळं असतं. सही कुणाचीच नसते.

मी हे पत्र त्या सहीसाठी लिहीत आहे. यजमानपद मिळालं म्हणून टाळ्या वाजत असतात, तेव्हा असं काही विचारणाऱ्याला लगेच खेळाचा शत्रू ठरवलं जातं. म्हणून आधीच सांगते, मी खेळाचंच काम करते. सार्वजनिक मैदानावर मुलामुलींना धावायला शिकवते. एका मोठ्या स्पर्धेच्या सरावासाठी आमचं मैदान निवडलं गेलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आम्हालाच झाला होता.

मातीचा ट्रॅक गेला, सिंथेटिक आला. लाल, पांढऱ्या रेघांचा, पाऊल टाकलं की किंचित उसळी देणारा. पाहुणे खेळाडू सराव करून गेले आणि मग फाटकाला साखळी लागली, साखळीला कुलूप. शेजारी फलक : तासाचं भाडं, अनामत रक्कम, नोंदणीकृत संघटनेच्या पत्राशिवाय प्रवेश नाही. आमची कसली संघटना? शाळा सुटली की कुंपणाला दप्तर अडकवून पळायला येणारी पोरं, एवढीच. ट्रॅकच्या देखभालीचा खर्च कोण करणार हे तो टाकताना कुणी ठरवलंच नव्हतं, तेव्हा ज्यांच्या ताब्यात मैदान आलं त्यांनी ते बंद ठेवणं पसंत केलं. वापरला तर झिजेल ना! मुलं आता कुंपणाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावतात. डांबरावर रोज धावून नडग्या धरतात. हाडाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं तरी मूल पाय मागे घेतं. वळणावर गाडी दिसली की मी शिट्टी वाजवते आणि सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहतात. आत, पाहुण्यांनंतर कुणी पाऊलही न टाकलेल्या ट्रॅकच्या सांध्यांमधून गवत वर आलं आहे आणि उन्हाने कडेचं रबर सुटू लागलं आहे.

यात कुणी पैसे खाल्ले असं माझं म्हणणं नाही. पाहुणे गेल्यावर किल्ली कुणाकडे राहणार, एवढं विचारायचं राहून गेलं. जगातल्या फार मोठ्या, फार महागड्या स्पर्धांमध्येही नेमकं हेच विचारायचं राहतं, म्हणून तक्रारी एकामागून एक मांडते.

पहिली तक्रार स्टेडियमांची. आधी बांधायचं आणि वापर नंतर शोधायचा, ही रीत तुम्ही सोडत नाही. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ब्राझीलने मनौस शहरात चाळीस हजारांहून जास्त आसनांचं स्टेडियम बांधलं. तिथे विश्वचषकाचे चार सामने झाले. त्या शहराचा एकही क्लब देशाच्या अव्वल साखळीत नव्हता, हे पहिली वीट रचण्याआधीही सगळ्यांना ठाऊक होतं. अथेन्समध्ये 2004 च्या ऑलिंपिकनंतर ओस पडलेल्या संकुलांचे फोटो तर आता शिळे झाले आहेत. उलट दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगने 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी 35,000 आसनांचं स्टेडियम तात्पुरतं म्हणूनच बांधलं, त्यात उद्घाटन आणि समारोपाचे सोहळे केले आणि मग ते उतरवलं. अनेकांना ती उधळपट्टी वाटली. मला नाही वाटली. एवढ्याशा गावाने ते स्टेडियम वर्षानुवर्षं पोसत बसणं ही खरी उधळपट्टी झाली असती.

एकाच शहरात, एकाच वर्षी दोन्ही प्रकार पाहायचे असतील तर लंडनकडे पाहा. 2012 च्या ऑलिंपिकच्या जलतरण केंद्राला स्पर्धेपुरते दोन्ही बाजूंनी तात्पुरते पंख जोडले होते. तेव्हा तिथे सुमारे 17,500 प्रेक्षक बसत. नंतर ते पंख काढले, आसनं अडीच हजारांवर आली आणि तलाव लोकांना पोहण्यासाठी खुला झाला. उद्या तिथे कोण पोहणार याचा विचार आराखड्यातच होता. त्याच उद्यानातल्या मुख्य स्टेडियमचं काय झालं? स्पर्धेनंतर ते लहान करून ॲथलेटिक्ससाठी ठेवायचं होतं. तो विचार बदलला, फुटबॉल क्लब येणार असं ठरलं आणि उभं स्टेडियम पुन्हा उकलून बदलावं लागलं. या नुसत्या फेरबदलाला 30 कोटी पौंडांहून अधिक खर्च आला आणि त्यातला मोठा वाटा सार्वजनिक पैशांचा होता. वास्तुविशारद सारखेच हुशार, देश तोच, अधिकारी तेच. एका ठिकाणी वापरणारा आधी ठरला होता, दुसऱ्या ठिकाणी ठरून फिरला.

दुसरी तक्रार खर्चाची. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 1960 पासूनच्या ऑलिंपिकचे उपलब्ध हिशेब तपासले, तेव्हा अंदाजपत्रकात बसलेली एकही स्पर्धा त्यांना सापडली नाही. एकही नाही! ऋण काढून सण करणं म्हणजे काय ते माँट्रियलला विचारा. ऑलिंपिकमध्ये तूट येणं पुरुषाला मूल होण्याइतकंच अशक्य आहे, असं तिथले महापौर म्हणाले होते. 1976 च्या त्या स्पर्धेचं कर्ज फिटायला 2006 उजाडलं आणि त्यासाठी तंबाखूवर खास कर बसवावा लागला. जी मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती त्यांनी मोठं होऊन ते फेडलं.

लॉस एंजेलिसचा किस्सा मला म्हणूनच फार आवडतो. माँट्रियलची दशा पाहून तिथल्या मतदारांनी 1978 मध्ये शहराचा पैसा ऑलिंपिकवर उधळायला मनाई केली. तेव्हा 1984 साठी दुसरं शहर स्पर्धेत उरलंच नव्हतं. ऑलिंपिक समितीला मुकाट्याने अटी सैल कराव्या लागल्या. शहराने बहुतांश जुनीच स्टेडियमं वापरली आणि शेवटी 23 कोटी डॉलरच्या आसपास शिल्लक पडली. तिच्यातला 40 टक्के वाटा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या खेळासाठी वेगळा काढला गेला. त्यातून निघालेली संस्था आजही मैदानं, प्रशिक्षक आणि क्लब यांना पैसे देते. हे सगळं कशामुळे जमलं? शहराला 'नाही' म्हणता येत होतं म्हणून. सही करण्याआधी यजमान वरचढ असतो, सही झाली की महासंघ. तुमचे वाटाघाटी करणारे अधिकारी हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. तरीही लोकांच्या लाभाचा विषय दर वेळी सहीनंतरच निघतो.

तिसरी तक्रार घरांची आणि ती सगळ्यात गंभीर आहे. रिओमध्ये ऑलिंपिक पार्कच्या कुशीत व्हिला ऑटोड्रोमो नावाची वस्ती होती. तिथे शेकडो कुटुंबं राहत होती. 2016 ची स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिथे जेमतेम वीसेक कुटुंबं उरली होती आणि तीही लोक अडून बसले म्हणून. अटलांटामध्ये 1996 च्या तयारीत टेकवुड होम्स ही अमेरिकेतली अगदी सुरुवातीची सार्वजनिक गृहवसाहत पाडली गेली. रस्त्यावर झोपणाऱ्या हजारोंना पोलिसांनी उचललं ते वेगळंच. चार वर्षांनी सिडनीने दुसरा मार्ग धरला. सार्वजनिक जागी झोपणाऱ्या माणसाशी अधिकाऱ्यांनी कसं वागायचं, त्याला कधी हटवायचं नाही, याची लेखी नियमावली तिथल्या राज्य सरकारने केली आणि ती स्पर्धेनंतरही चालू राहिली. त्यासाठी ना स्टेडियम लागलं ना मोठा निधी. काही पानांचा कागद लागला.

ग्लासगोने 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी खेळाडूंचं ग्राम डालमार्नॉक या दुर्लक्षित भागात उभारलं. स्पर्धा संपल्यावर त्यातल्या 700 घरांपैकी 400 घरं सामाजिक भाडेतत्त्वावर द्यायची हे आधीच ठरलेलं होतं आणि तसं झालं. बार्सिलोनाचं कौतुक सगळेच करतात, मीही करते. 1992 च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने त्या शहराने उद्योगांनी अडवलेला समुद्रकिनारा स्वतःला परत मिळवून दिला. पण तिथल्या ऑलिंपिक ग्रामातली घरं बाजारभावाने विकली गेली, हेही त्याच कौतुकाच्या वाक्यात यायला हवं.

चौथी, कामाची. रोजगाराचे आकडे तुम्ही नेहमी भरघोस सांगता. काम कुणाला, किती दिवस, किती मजुरीवर, हे सांगत नाही. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या बांधकामांवर किमान वेतन, राहण्याची सोय आणि सुरक्षितता यांचे नियम पायदळी तुडवले गेल्याचं उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीलाच आढळलं. सरकारी काम कंत्राटदाराकडे जातं, कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे, तिथून मुकादमाकडे. खाली येता येता नियम झिरपून जातात. पॅरिसने 2018 मध्येच, म्हणजे 2024 च्या ऑलिंपिकच्या सहा वर्षं आधी, कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना यांच्यासोबत सामाजिक सनद केली. बांधकामाच्या एकूण तासांपैकी 10 टक्के तास दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी आणि कंत्राटांचा चौथा हिस्सा लहान उद्योगांसाठी, असं उद्दिष्ट ठेवलं. सनद होती म्हणून सगळं आलबेल होतं असं नाही, कागदपत्रं नसलेले कामगार तिथल्या बांधकामांवरही सापडले. मात्र त्या वेळी जाब विचारायला हातात काहीतरी होतं.

फेरीवाल्यांचा उल्लेख तर तुमच्या पुस्तिकेत नसतोच. प्रायोजकांचं हित जपायला स्टेडियमभोवती मोठा परिसर रिकामा केला जातो आणि वर्षानुवर्षं तिथे विकणारी माणसं एका रात्रीत बेकायदा ठरतात. 2014 च्या विश्वचषकाच्या निमित्ताने ब्राझीलमधल्या साल्वाडोर शहरात आकाराजे नावाचे वडे विकणाऱ्या बायकांवर हीच वेळ आली. त्या संघटित होत्या, त्यांनी आवाज उठवला, हजारो सह्या गोळा केल्या आणि स्टेडियमपाशी विकायची परवानगी मिळवली. महासंघाचे नियम दगडावरची रेघ नसतात, हे त्या बायकांनी दाखवलं. सरकार म्हणून तुम्ही त्यांच्याआधी एकदा तरी मागून पाहिलं होतं का?

आता 'प्रेरणा'. या शब्दाने माझ्यासारखीला गप्प करता येईल असं तुम्हाला वाटतं. विजेत्याला पाहून मूल मैदानावर येतं, अगदी खरं. मोठी स्पर्धा झाली की माझ्याकडेही नव्या मुलांची गर्दी होते. पण पुढे त्याला वेळापत्रक हवं, मोकळा ट्रॅक हवा, पगारी प्रशिक्षक हवा, मुलींसाठी कपडे बदलायला दार लागणारी खोली हवी. ते नसेल तर थोड्याच दिवसांत गर्दी ओसरते. ब्रिटनने 2012 च्या निमित्ताने आणखी दहा लाख माणसांना खेळाकडे वळवायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. स्पर्धेच्या वर्षभर आधीच ते सोडून दिलं गेलं. फ्रान्सने दोन गोष्टी बऱ्या केल्या. 2022 पासून प्राथमिक शाळांमध्ये रोज अर्धा तास शारीरिक हालचाल सुरू केली. आणि नवं जलतरण केंद्र पॅरिसच्या श्रीमंत भागात न बांधता सेन-सँ-दनी या जिल्ह्यात बांधलं. तिथे माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना पोहता येत नव्हतं. गरज कुठे आहे ते आधी पाहिलं, मग जागा निवडली. याला मी प्रेरणा म्हणते.

एक तक्रार अशी आहे जिची दाद मागायलाही जागा नाही. स्पर्धा संपली की आयोजन समिती हिशेब मिटवते आणि विसर्जित होते. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. मग पाच वर्षांनी तलावाचं पाणी हिरवं झालं, तर कोणाच्या दारात जायचं? आमच्या कुलपाबद्दल मी ज्यांना पत्रं लिहिली, त्या प्रत्येकाचं उत्तर एकच होतं, हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही.

तेव्हा मागण्या.

यजमान करार, त्यातल्या सगळ्या हमी आणि सुरक्षेसकट पूर्ण खर्चाचा अंदाज अर्ज करण्याआधी जाहीर करा आणि लोकांचा कौल घ्या. लोक नकारच देतात, ही भीती खरी नाही. 2015 मध्ये हॅम्बुर्गने आणि 2018 मध्ये कॅलगरीने ऑलिंपिक नाकारलं, तर 2025 मध्ये म्युनिकच्या मतदारांनी सुमारे दोन तृतीयांश मतांनी होकार दिला. विचारून मिळालेला होकार पुढच्या दहा वर्षांत तुमच्याच कामी येईल.

प्रत्येक कायमस्वरूपी क्रीडासंकुलाच्या मंजुरीच्या कागदावरच स्पर्धेनंतर ते चालवणार कोण, पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा पैसा कुठून येणार, सर्वसामान्यांसाठी आठवड्यातले किती तास राखीव आणि जास्तीत जास्त शुल्क किती, हे लिहा. यातला एक रकाना जरी रिकामा राहिला तरी ते बांधकाम तात्पुरतं करा किंवा करूच नका. आणि देखभालीचा पैसा आधी बाजूला काढा. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी तिथल्या केंद्र आणि प्रांत सरकारांनी स्पर्धेआधीच 11 कोटी कॅनेडियन डॉलरचा कायम निधी उभारला होता. त्याच स्पर्धेचं रिचमंडमधलं बर्फावरच्या शर्यतींचं सभागृह आज परिसरातल्या लोकांचं व्यायामाचं आणि खेळाचं केंद्र आहे.

रहिवासी संघटनांशी न्यायालयात टिकेल असा करार करा. 2001 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या क्रीडा व मनोरंजन प्रकल्पाच्या विकासकांना तिथल्या रहिवासी आणि कामगार संघटनांनी असाच करार करायला लावला. स्थानिकांना नोकऱ्या, सन्मानाने जगता येईल अशी मजुरी, परवडणारी घरं, उद्यानासाठी पैसा, हे सगळं त्यात होतं. खाजगी विकासक असं लिहून देऊ शकतो तर निवडून आलेलं सरकार का नाही?

पर्यायी घर त्याच भागात तयार होऊन हातात किल्ली मिळेपर्यंत एकही घर पाडू नका. निविदेतल्या मजुरीच्या अटी शेवटच्या उपकंत्राटदारापर्यंत लागू करा आणि मोडणाऱ्याचं बिल रोखा. परिसरातल्या फेरीवाल्यांना परवाने आणि जागा स्पर्धेच्या आराखड्यात द्या. स्वयंसेवकांची निवड करताना मँचेस्टरने 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केलं तसं करा : मागास वस्त्यांमधल्या लोकांना आधी प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक होण्याची संधी तिथे दिली गेली. तिकीट आणि प्रायोजकत्वाच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का शाळा आणि स्थानिक क्लबांच्या निधीत जाऊ द्या. तो निधी स्पर्धेच्या आधीच्या वर्षापासून वाटायला लागा, नाहीतर ते वरातीमागून घोडं होईल.

आणि आयोजन समिती विसर्जित झाल्यावरही किमान दहा वर्षं टिकेल असं स्वतंत्र मंडळ नेमा. त्यात रहिवासी, खेळाडू, प्रशिक्षक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असू द्या. त्याला कागद मागवायचा, दंड करायचा आणि बंद फाटक उघडायला लावायचा अधिकार द्या. त्याचा अहवाल दरवर्षी जाहीर व्हावा.

यातल्या बहुतेक मागण्या नवीन नाहीत. त्यातल्या बऱ्याच गोष्टी कुठल्या ना कुठल्या शहराने एकदा तरी करून दाखवल्या आहेत. फक्त त्या सगळ्या एका करारात, एका सहीखाली आलेल्या नाहीत.

या पत्राचं उत्तर द्यायचं ठरवलंत, तर यजमान करारावर सही करण्याच्या आधी द्यावं आणि ते जाहीरपणे द्यावं, ही विनंती.

आपली,
सार्वजनिक मैदानावर धावणं शिकवणारी एक प्रशिक्षिका